मधली पिन

पारोळ्याच्या बाजारपेठेत, किल्ल्यापासून चालत पाच मिनिटांवर, अप्पांचा दहा बाय बाराचा गाळा होता. रेडिओ-टीव्ही रिपेअरिंग. २०२० साली लॉकडाऊनमध्ये शटर खाली ओढलं ते पुन्हा फारसं वर गेलं नाही. एक तर दुरुस्तीला टीव्ही येणं केव्हाच थांबलं होतं, आणि दुसरं म्हणजे अप्पांच्या उजव्या हाताला कंपवात सुरू झाला होता. गेल्या वर्षी दिवाळीत मालकाने गाळा परत मागितला, म्हणून मी पुण्याहून आठ दिवसांची सुटी टाकून आलो आणि आम्ही दोघं दुकान आवरायला बसलो.

दुकान म्हणजे काय, पंचेचाळीस वर्षांचा गाळ. पिक्चर ट्यूब, एलओटी, टेपरेकॉर्डरचे पट्टे, पॉलसनच्या कॉफीच्या डब्यात भरलेले रेझिस्टर. मी 'ठेवायचं' आणि 'भंगार' असे दोन ढीग केले होते. अप्पा खुर्चीत बसून मानेनं सांगत होते. वरच्या फळीवरून मी एक खोकं काढलं. साबणाचं खोकं, सुतळीनं बांधलेलं, त्याला पुठ्ठ्याचा टॅग. टॅगवर अप्पांच्या अक्षरात एका सरांचं नाव आणि तारीख : १२/६/९१.

"त्याले हात नको लावू," अप्पा म्हणाले.

घरात आम्ही अहिराणी-मराठी दोन्ही बोलतो. पण अप्पा एकदम अहिराणीवर आले की समजायचं, विषय आतला आहे.

मी अर्थातच खोकं उघडलं. आत एक काळी, वहीएवढी वस्तू. करड्या रबरी बटणांची, उजव्या कोपऱ्यात इंद्रधनुष्यासारखा तिरका पट्टा. झेडएक्स स्पेक्ट्रम. मी फोटोत शेकडो वेळा पाहिलेला, हातात पहिल्यांदाच घेतलेला. माझ्या जन्माच्या सहा वर्षं आधी आमच्या दुकानात एक कॉम्प्युटर येऊन पडला होता, आणि आमच्या घरात कॉम्प्युटरचा विषय हजार वेळा निघूनही अप्पांनी ते कधी सांगितलं नव्हतं. मी इंजिनिअरिंगला कॉम्प्युटर शाखा घेतली तेव्हाही नाही. कर्जाच्या कागदांवर सही करतानाही नाही.

ज्यांना हे यंत्र माहीत नाही त्यांच्यासाठी थोडंसं. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या इंग्लंडमधल्या कंपनीने एप्रिल १९८२ मध्ये हा कॉम्प्युटर काढला. १६ केचा १२५ पौंडाला, ४८ केचा १७५ पौंडाला. के म्हणजे किलोबाइट; आज व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा 'शुभ सकाळ'चा फोटोसुद्धा ४८ केमध्ये बहुधा मावायचा नाही. मॉनिटर नाही, घरातला टीव्ही जोडायचा. डिस्क नाही, प्रोग्रॅम साध्या कॅसेटवर. म्हणजे सामान्य माणसाच्या घरात जे आधीच आहे त्यावरच तो चालायचा, आणि म्हणूनच तो टीव्हीवाल्याकडे दुरुस्तीला येणं साहजिक होतं. पुढे भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' विकायला आणला. आपल्याकडे ते दिवसच तसे होते. १९८४-८५ पासून केंद्र सरकारच्या 'क्लास' योजनेत निवडक शाळांना बीबीसी मायक्रो मिळत होते. ९१ साली पुण्यात सी-डॅकने 'परम ८०००' हा महासंगणक दाखवला. त्याच वर्षी पारोळ्यात एका साबणाच्या खोक्यात हा पडला.

सर विज्ञान शिकवायचे. त्यांचे मेहुणे लंडनला होते, त्यांनी सुटीत येताना आणून दिला. उन्हाळ्याच्या सुटीत घरी दहा-बारा पोरं जमवायची आणि शिकवायचं, असा सरांचा बेत होता. एवढं अप्पांनी त्या संध्याकाळी सांगितलं. मूळ अ‍ॅडॅप्टर व्होल्टेज चढून जळाला म्हणून सर तो घेऊन आले. पुढे काय झालं, ते सांगितलं नाही. "पार्ट भेटना नही," एवढंच.

मी म्हणालो, "अप्पा, आता भेटतो. आपण करू."

इथे मला माझ्याबद्दल खरं सांगितलं पाहिजे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पुण्यात एका कंपनीत बिलिंगच्या बॅकएंडवर काम करतो. कॉलेजात ८०८५ चं किट होतं, दोन सेमिस्टर त्यावर आकडे टाइप केले, व्हायवात पिन डायग्रॅम पाठ म्हणून दाखवला. सोल्डरिंग गन आयुष्यात धरलेली नव्हती. टीव्ही मेकॅनिकच्या पोराने हे सांगावं याची लाज वाटते, पण अप्पांनी मला दुकानात बसूच दिलं नाही. "अभ्यास कर" म्हणून घरी पिटाळायचे. माझ्या कामात चूक झाली की मागची आवृत्ती परत लावायची, पाच मिनिटांत सगळं जागच्या जागी. तांब्याचा ट्रॅक उपटला की तो उपटला.

खालचे पाच स्क्रू काढले आणि वरचं झाकण जरा हौसेनं उचललं. करकर असा बारीक आवाज. कीबोर्डखाली प्लास्टिकचा पातळ पडदा असतो, त्याच्या दोन पट्ट्या बोर्डात खोचलेल्या असतात. चाळीस वर्षांत त्या पापडासारख्या होतात. दोन्ही मोडल्या. अप्पा काही बोलले नाहीत. हल्ली हे पडदे नव्याने बनवून मिळतात, त्यामुळे तेवढं नुकसान पैशांवर निभावलं. पण पहिल्याच मिनिटाला मी हे केलं होतं.

बोर्ड बघून मात्र जीव हरखला. माझ्या रोजच्या कामात मी ज्याला मेमरी म्हणतो ती कुठल्यातरी दूरच्या डेटा सेंटरमध्ये असते. इथे ती डोळ्यांसमोर होती. झेड८० प्रोसेसर, ३.५ मेगाहर्ट्झ. हा प्रोसेसर १९७६ सालचा आणि त्याची ही जात २०२४ पर्यंत कारखान्यात निघत होती. शेवटच्या ऑर्डरी त्या वर्षी जूनमध्ये घेतल्या. त्याच्या शेजारी फेरांटीची यूएलए. आणि एका ओळीत आठ छोट्या चिप, ४११६ नंबरच्या. खालची १६ के मेमरी या आठजणींनी वाटून घेतलेली. वाटणी कशी, तर आडवी : प्रत्येक बाइटमधला एक बिट एका चिपकडे, दुसरा दुसरीकडे. एक चिप गेली तर थोडी मेमरी जात नाही, प्रत्येक बाइट आठव्या हिश्शाने खोटा होतो. आठ भावांत शेत न वाटता प्रत्येक कणसातला एकेक दाणा वाटून घ्यावा, तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोक्याच्या तळाशी एक अ‍ॅडॅप्टर सापडला. मूळचा नव्हे. पत्र्याच्या डबीत घरी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, एक कपॅसिटर. अप्पांचं काम मी कुठेही ओळखतो; त्यांचे जोड गोल, चकचकीत, बोरासारखे असतात. त्यांनी आधी तो सिरीज बल्बमधून लावायला लावला. बल्ब पेटला नाही, म्हणजे शॉर्ट नाही. मग मी मीटर लावला. लाल प्रोब मधल्या छिद्रात, काळा बाहेरच्या कड्याला. १३.२ व्होल्ट. लोड नसताना नऊचा अ‍ॅडॅप्टर इतकं दाखवतोच.

पण आकड्यापुढे वजाचं चिन्ह नव्हतं.

रात्री मी वाचलं होतं. स्पेक्ट्रमची मधली पिन उणे असते. बाहेरचं कडं अधिक. आपल्याकडच्या बऱ्याच वस्तूंच्या उलट. मी वर पाहिलं. अप्पा मीटरकडे बघत होते.

"उलटी शे," ते म्हणाले. आणि जरा वेळाने, "मीच जायं ते."

अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो. जळगावचं जयगाव, डोळ्याचा डोया. 'जायं' म्हणजे जाळलं.

मग हळूहळू सगळं आलं. मूळ अ‍ॅडॅप्टरचं लेबल वितळलेलं. मशीनवर नऊ व्होल्ट लिहिलेलं होतं, कुठला पोल आत ते नव्हतं. "काही जपानी टेपरेकॉर्डरला बी उलटी राहस. माले माहीत व्हतं. त्या दिवशी पाह्यं नही." बोर्ड उघडून दोन मिनिटांत तपासता आलं असतं. पण दुकानात गर्दी होती, सर समोर स्टुलावर बसलेले, आणि पारोळ्यातला पहिला कॉम्प्युटर आपल्या दुकानात चालू करून दाखवायची अप्पांना घाई. पिन लावली. टीव्हीवर काही आलं नाही. सरांना म्हणाले, "दोन दिवस ठेवा." रात्री चूक कळली. पिन सुलटी करून लावून पाहिलं, एकदा, दोनदा, तीनदा. एका कॉइलमधून धूर आला.

सरांना त्यांनी सांगितलं की आतली आयसी गेली, इंग्लंडहून मागवावी लागेल. सरांनी मेहुण्यांना पत्र लिहिलं. ते महिन्याला येऊन विचारायचे, मग चार महिन्यांनी, मग यायचे थांबले. त्या यंत्राची किंमत अप्पांच्या दोन-तीन महिन्यांच्या कमाईइतकी होती. खरं सांगितलं असतं तर भरून द्यावी लागली असती. सर कदाचित नको म्हणाले असते, पण ते गावात समजलं असतं. रामायण-महाभारतानंतर घरोघर टीव्ही आले होते आणि गावातलं दुकान माणसाच्या हातावर चालायचं, हातावरच्या नावावर. एवढ्या वर्षांत बालाजीच्या रथाला सर समोरून दिसले की अप्पा गल्ली बदलायचे, हे मला आईनं सांगितलं. तिला कारण माहीत नव्हतं. तिला वाटायचं, उधारीचं काही असेल.

आठ दिवसांची सुटी संपली. मी खोकं पुण्याला नेलं नाही. अप्पांनी नेऊ दिलं नाही. त्यामुळे पुढचे अडीच महिने मी शनिवार-रविवार पारोळ्याला येत राहिलो. शुक्रवारी रात्रीची बस, पहाटे धुळे, तिथून पारोळा.

बिघाड काय होता ते सांगतो, कारण इथेच खरी मेख आहे. ४११६ चिपला तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात : अधिक बारा, अधिक पाच आणि उणे पाच. यातलं उणे पाच सगळ्यात महत्त्वाचं. ते सगळ्यांच्या आधी यावं आणि सगळ्यांच्या नंतर जावं, असा नियम. ते नसताना बाकीचे दोन आले की चिप आतून तापते आणि मरते. स्पेक्ट्रमवर हे उणे पाच एका छोट्या ट्रान्झिस्टर-कॉइलच्या जोडीतून तयार होतं. ट्रान्झिस्टरचं बोर्डावरचं नाव टीआर४. उलटी पिन लावली की सहसा पहिला बळी याचा जातो. मी मीटर लावला. टीआर४ गेलेला, शेजारचा टीआर५ संशयास्पद, कॉइल काळी पडलेली. टीआर४ आणि टीआर५ पुण्यात तपकीर गल्लीत फिरून पाहिले, तिथे नव्हते. मागवले, तीन आठवड्यांनी आले. कॉइल कुठेच मिळेना.

"गुंडाळाले काय लागस?" अप्पा म्हणाले.

कंपवाताची एक गोष्ट मला तेव्हा कळली. हात रिकामा असला की थरथरतो. कामात असला की कमी होतो. सोल्डरच्या टोकाइतकं बारीक काम त्यांना आता जमत नाही, पण तार गुंडाळणं जमलं. आधी जळालेली कॉइल उलटी सोडवत त्यांनी एकेक वेढा मोजला आणि मी वहीत लिहीत गेलो, थर पहिला, थर दुसरा, दिशा कुठली. तारेची जाडी त्यांनी नखावर ओढून सांगितली. मी मायक्रोमीटर लावून पाहिलं. बरोबर होती. मग जुन्या एका रिलेची तार सोडवून त्यांनी नवी कॉइल गुंडाळली. दुपारभर दुकानात फक्त त्यांचा आकडा मोजण्याचा आवाज. मध्येच कोणीतरी डोकावून रिमोटचे सेल मागून गेलं.

जोड मी लावले. माझा पहिला जोड पाहून अप्पांनी जो शब्द वापरला तो इथे लिहिता येणार नाही. ड्राय सोल्डर. काढ, पुन्हा लाव. चौथ्यांदा पास झालो.

उणे पाच आलं. मीटरवर ते वजाचं चिन्ह बघून मला झालेला आनंद कुठल्याही प्रोडक्शन रिलीजला झालेला नाही. दुकानात एक चौदा इंची कलर टीव्ही भंगाराच्या ढिगातून परत 'ठेवायचं'मध्ये आला होता. त्यावर यूएचएफचं ३६ वं चॅनल अप्पांनी कानाने लावावं तसं लावलं, आणि चित्र आलं. चुकीचं. पांढऱ्या पडद्यावर उभ्या रेघा, सरळ, ठरावीक अंतरावर. स्पेक्ट्रमचा पडदाही त्याच खालच्या मेमरीतून काढला जातो. १६३८४ या पत्त्यापासून पुढचे ६९१२ बाइट म्हणजे पडदा. एक बिट मेला की प्रत्येक आठ ठिपक्यांतला तोच ठिपका मरतो. रेघांच्या जागा मोजल्या की कुठल्या चिप गेल्या ते समजतं. दोन गेल्या होत्या.

आता इथे जरा थांबा आणि गणित मांडा, मी मांडलं तसं. उलट्या पिनेनं त्या दुपारी टीआर४ गेला. मेमरी बहुधा तेव्हा गेली नसावी. ती गेली रात्री : अप्पांना चूक कळली, त्यांनी पिन सुलटी केली आणि उणे पाच नसलेल्या बोर्डाला तीनदा वीज दिली, तेव्हा. म्हणजे पहिल्या चुकीचं मोल एक ट्रान्झिस्टर होतं, जो तेव्हा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळाला असता, निदान पर्यायी तरी. सरांचा कॉम्प्युटर जळाला तो चूक दुरुस्त करण्याच्या धडपडीत.

हे मी अप्पांना सांगितलं नाही.

४११६ चिप जुन्या बोर्डांवरून काढलेल्या मिळाल्या. मेलेल्या चिपचे सोळा पाय आधी कापायचे आणि मग एकेक पाय ओढून काढायचा, ही युक्ती अप्पांची. तरी एका ठिकाणी मी ट्रॅक उपटलाच. त्यांनी केसाएवढी तार दिली, म्हणाले, "पूल बांध." बांधला. सॉकेट बसवले, चिप घातल्या. जानेवारीतला रविवार, दुपारी पावणेतीन. पडदा क्षणभर काळा झाला, मग पांढरा, आणि खाली एक ओळ उमटली : कॉपीराइट १९८२, सिंक्लेअर रिसर्च लिमिटेड.

अप्पा काही बोलले नाहीत. उठून शटर अर्धं खाली ओढून आले. मग म्हणाले, "कॅसेट बी शे त्याना मा."

होती. सरांच्या अक्षरात 'सुटी वर्ग' लिहिलेली. टेपवर बुरशी होती, ती कापसाने पुसून हळूहळू दोनदा पुढे-मागे फिरवली. स्पेक्ट्रमवर शब्द टाइप करावे लागत नाहीत, जे दाबलं की अख्खा LOAD उमटतो. हे रोमन अक्षर राहिलं, असो, 'लोड' म्हणू. पडद्याच्या कडेला लाल-निळसर पट्टे, मग निळे-पिवळे, आणि मग चूक : टेप लोड होत नाही. सात वेळा. आठव्या वेळी अप्पांनी डेकच्या हेडचा स्क्रू पाव आटा फिरवला, कान जवळ नेला, आणखी थोडा फिरवला. आवाज किरकिरा होता तो धारदार झाला. त्या बाबतीत त्यांच्या कानाशी माझा कुठलाही प्रोग्रॅम स्पर्धा करणार नाही.

प्रश्नमंजूषा होती. रोमन लिपीत मराठी. तुझे नाव काय? मग प्रश्न एक : पाण्याचे रासायनिक सूत्र. प्रश्न दोन : पारोळ्याची नदी कोणती. अशा वीस. उत्तर बरोबर आलं की 'शाब्बास' आणि नाव. चुकलं की 'पुन्हा विचार कर' आणि नाव. कोड मी वाचला. नीटनेटका, जिथे गोंधळ होईल तिथे स्वतःसाठी टीप लिहिलेली. दहा-बारा पोरांसाठी केलेला प्रोग्रॅम, जो एकाही पोराने चालवला नव्हता.

फेब्रुवारीत आम्ही सरांकडे गेलो. सर ऐंशीच्या पुढचे, सून दाराशी आली. मी टीव्ही उचललेला, अप्पांच्या हातात खोकं, टॅगसकट. वाटेत "आते सांगाले जोयजे," असं ते दोनदा म्हणाले होते, माझ्याशी नव्हे.

सरांना ऐकू कमी येतं, हे आम्हाला माहीत नव्हतं.

अप्पा हळू आवाजात म्हणाले, "सर, हे माझ्याकडून जळालं होतं."

"काय?"

"माझ्याकडून जळालं!"

"काय मिळालं?"

तिसऱ्यांदा अप्पा इतक्या मोठ्यानं म्हणाले की समोरच्या ओट्यावरची माणसं वळली. "मी जाळलं सर! पिन उलटी लावली! आयसी-बियसी काही गेली नव्हती, मी खोटं बोललो!"

सर बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. मग खोक्याकडे. मग म्हणाले, "मला वाटलं, तुम्ही विकला." थोडं थांबून, "मी दोन-चार जणांना तसं बोललोही."

दोघंही खाली बघत बसले. सुनेनं चहा आणला. मी आपला टीव्हीची वायर लावण्यात गुंतलो, जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा जास्त वेळ.

मशीन चालू झालं. सरांनी एका बोटानं नाव टाइप केलं, प्रश्न एकचं उत्तर दिलं, शाब्बास मिळाली. दुसऱ्याला बोरी. नातू मोबाइल बाजूला ठेवून जवळ सरकला आणि रबरी बटणं दाबून बघू लागला. सरांनी त्याचा हात झटकला, मग स्वतःच सरकून जागा दिली. निघताना त्यांनी बिल विचारलं. अप्पा नको म्हणाले. सरांनी ऐकलं नाही, म्हणजे दोन्ही अर्थांनी, आणि पन्नासची नोट अप्पांच्या खिशात कोंबली. मी निघण्याआधी पाहिलं, अ‍ॅडॅप्टरच्या वायरला अप्पांनी लाल टेप गुंडाळून त्यावर पेनानं लिहिलं होतं : मधली उणे.

घरी येताना किल्ल्याच्या बाजूनं आलो. अप्पांचा हात खिशात होता, तिथेही थरथरताना दिसत होता.

"एक सांग," ते म्हणाले. "मेमरी काबरं गई?"

"जुन्या झाल्या होत्या अप्पा," मी म्हणालो. "चाळीस वर्षं झाली."

ते थोडं पुढे चालले. मग म्हणाले, "बाकीन्या सहा बी तितल्याच जुन्या शेतस."